विलासनं विहिरीला लावलेलं कुलूप

विलास गेल्याचा फोन सुदामनं केला. सकाळची वेळ होती, मी ताट पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत बसले होते. त्या दिवशी दवाखान्यात सुदामची पाळी होती, त्यामुळे फोनवर त्याचं नाव बघून मला काही वेगळं वाटलं नाही. "अक्का... ईलास गेला गं," एवढंच तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "दादाला तू सांग," आणि फोन ठेवला. मी दादाला फोन लावला. दादा गावी, धावड्याला, मिरचीच्या वावरात होता, मागं मोटरचा आवाज येत होता. सांगितलं. तो म्हणाला, "सुदामला म्हनाव तिथंच थांब, मी निघालो." मी पुन्हा सुदामला फोन लावून दादाचा निरोप दिला. दोन सख्खे भाऊ, तिसरा सख्खा भाऊ गेलेला, आणि त्याच्या मरणाची बातमीसुद्धा माझ्या घरून वळसा घेऊन गेली. रडायला मला सवड मिळाली ती हे सगळे फोन संपल्यावर.

हे असं का, ते सांगायचं तर विलासबद्दलच सांगावं लागेल, आणि त्यासाठी माझ्याइतकं नालायक माणूस शोधून सापडायचं नाही. मला मोबाईलचं हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच कळतं, आणि त्यातही अधूनमधून गडबड होते. विलास मोबाईलसाठी प्रोग्राम लिहायचा. जालन्यातच मस्तगडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून तो पोट भरायचा, पण त्याचा जीव होता तो इंटरनेटवरच्या प्रोग्रामर मंडळींच्या एका अड्ड्यावर. तिथं तो 'टिपा' टाकायचा. एखादी अडचण घ्यायची, ती साध्या भाषेत सांगायची आणि खाली कोडच्या सहा-सात ओळी द्यायच्या. ज्याला लागतील त्यानं उचलाव्यात आणि आपल्या प्रोग्राममध्ये चिकटवाव्यात. फुकट. कुणी नाव घ्यावं असाही आग्रह नाही. कुठले कुठले लोक त्या ओळी उचलायचे. धावड्यात मात्र 'ईलास मोबाईलमधलं करतो' एवढीच त्याची ख्याती होती, त्यामुळे गावाकडून कुणीही आलं की हौदात पडलेला फोन फडक्यात बांधून घेऊन यायचं. विलास काही न बोलता तो माझ्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचा. लग्नासाठी मुली बघायला गेलो तेव्हाही 'मोबाईलमधलं करतो' हे काम म्हणून कुणी धरेना. दोन-तीन ठिकाणी चहा पिऊन परत आल्यावर तो म्हणाला, "अक्का, बास. पोहे चांगले होते."

आम्ही चौघं. सगळ्यात मोठा दादा, मग मी, मग सुदाम, आणि बऱ्याच अंतरानं विलास. एक्क्याऐंशी साली लग्न होऊन मी जालन्याला आले तेव्हा माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून आलेली आत्या चार दिवसांत परत गेली, पण विलास शाळेच्या निमित्तानं आला तो कायमचा. आमच्या घरात सासूबाई, माझी जाऊ, दीर, पोरंबाळं, येणारे-जाणारे अशी कायम झुंबड. माडीवरची खोली त्याची. पुढं मी त्याला कधीतरी विचारलं, की एवढं अवघड शास्त्र तू शिकलास कुठं? तर म्हणाला, "औरंगाबादच्या कॉलेजात शब्द शिकलो. बाकी सगळं तुझ्या स्वयंपाकघरात बघितलं होतं."

त्याच्या टिपा बहुतेक एकाच विषयावर असत. एकाच फोनमध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू असली की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात, ते कसं टाळायचं. त्या कामांना तो 'थ्रेड' म्हणायचा. मी आपली धागा समजायचे. एखादी टीप लिहिली की आधी मला वाचून दाखवायचा. "तुला कळली म्हंजे जगाला कळली," म्हणायचा. ही माझी स्तुती आहे असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. एकदा पाहुण्यांसमोर अभिमानानं सांगायला गेले, तेव्हा माझ्या मुलीनं मला आत बोलावून खरा अर्थ सांगितला.

पण मला खरंच कळायचं. त्याची पहिली गाजलेली टीप अशी होती, की दारात पाहुण्यांना 'या या' म्हणायला जो उभा आहे, त्याला पुऱ्या तळायला पाठवू नका. मोबाईलचा पडदा सांभाळणारा एक थ्रेड असतो. बटण दाबलं की 'हो, ऐकलं' म्हणणं त्याचं काम. त्यालाच जर नेटवर्ककडे धाडलं तर तो तिकडं ताटकळतो, इकडं पडदा थिजतो, आणि माणूस फोन आपटतो. म्हणून बटण दाबताक्षणी एक नवा थ्रेड काढायचा, त्याला कामावर पाठवायचं, आणि दारातल्यानं दारातच हसत राहायचं. दुसरी टीप पोळपाट-लाटण्याची. मी पोळपाट घेऊन बसलेय, जावेनं लाटणं धरून ठेवलंय. ती पोळपाटाची वाट बघतेय, मी लाटण्याची, आणि दोघींपैकी कुणीच हातातलं सोडत नाही. हे आमच्याकडं खरोखर घडलं होतं, आणि त्या दिवशी सासूबाईंना भात खावा लागला होता. तर उपाय काय? नियम करा, की सगळ्यांनी आधी पोळपाट घ्यायचा, मगच लाटण्याला हात लावायचा. क्रम एकच ठेवला की अडकत नाही. विलासनं ही टीप इंग्रजीत लिहिताना पोळपाट हा शब्द तसाच ठेवला होता. परदेशातल्या कुणा गृहस्थाला तो कॉम्प्युटरमधलाच शब्द वाटला आणि त्यानं आपल्या प्रोग्राममधल्या एका भागाचं नावच 'पोळपाट' ठेवलं. त्याचं पत्र आलं तेव्हा विलास हसून हसून जिन्यात बसला होता.

आमच्या यांच्यावरही एक टीप होती. कुलूप घेतलं तर काहीही झालं तरी ते सोडायची सोय आधी करून ठेवा. आत अडचण आली, काम अर्धवट राहिलं, तरी बाहेर पडताना कडी निघालीच पाहिजे. उदाहरण म्हणून सकाळी पेपर घेऊन संडासात जाणारे एक गृहस्थ घेतले होते. नाव नव्हतं. तरी हे आठवडाभर "विलासराव, तुमच्या शास्त्रात आमची बरीच सेवा झाली म्हणे," असं घालून-पाडून बोलत होते.

एवढं सगळं शहाणपण असलेला माणूस विहिरीपाशी चुकला.

धावड्याला आमची विहीर एक, मोटर एक, आणि पाणी घेणारे दोघं. दादा गावात राहतो, सुदाम शेतातल्या वस्तीवर. आमच्या घरातली रीत अशी, की मोठ्यानं 'घे' म्हटल्याशिवाय धाकटा कशालाही हात लावत नाही. पंगतीत बसलं तरी, बैल सोडायचे असले तरी, पाण्याचंही तेच. लाईट आली की सुदाम दादाकडं यायचा, "दादा, घेऊ का?" दादा म्हणायचा, "घे." संपलं. वडील असल्यापासून हे चालत आलेलं. पण लोडशेडिंग सुरू झालं आणि लाईट कधी येईल याचा भरवसा उरला नाही. सुदाम दादाकडं येईपर्यंत लाईट जायची. एकदा दोघांनी एकापाठोपाठ मोटरचा स्टार्टर ओढला आणि तो जळला. ते ऐकून विलासनं ठरवलं, की आपण यावर काहीतरी करू. दोघांच्या साध्या फोनमध्ये चालेल असा त्यानं एक प्रोग्राम केला. लाईट आली की ज्याला पाणी हवं त्यानं 'पाळी' दाबायची. त्याचा एसएमएस विलासच्या माडीवरच्या कॉम्प्युटरकडं यायचा, तिथं एक फोन वायरनं जोडून ठेवलेला होता. कॉम्प्युटर बघायचा, विहीर मोकळी आहे का. असेल तर तिला कुलूप लावून त्या भावाला 'पाळी तुमची' असा उलटा निरोप. त्यानं मोटर चालू केली की 'चालू' दाबायचं, झालं की 'पाळी सोडली'. दोघांनी एकाच क्षणी दाबलं तरी पाळी मिळणार एकालाच, याची त्यानं इतकी काळजी घेतली होती, की महिनाभर मी आणि माझी मुलगी दोन फोन घेऊन 'एक, दोन, तीन' म्हणत बटणं दाबत होतो.

प्रोग्राम टाकायला आम्ही दोघं धावड्याला गेल्तो. राजूरला उतरून गणपतीचं दर्शनही घेतलं. दादा आणि सुदाम दोघंही त्या दिवशी खूष होते. विलासनं सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आता एकमेकाला विचारायची बिलकुल गरज न्हाई." हे त्यानं इतक्या आनंदानं सांगितलं... आणि मीही मान डोलावली.

सुरुवातीचे काही दिवस बरे गेले. मग विलासला माडीवर बसून दिसायला लागलं, की पाळी सुदामकडं जाते आणि तिथंच अडकून राहते. तो ना मोटर चालू करतो, ना पाळी सोडतो. लाईट येऊन जाते. दादाला वाटतं सुदामचं पाणी चालू आहे, म्हणून तो जात नाही. दोघांच्याही मिरच्या माना टाकायला लागल्या. विलासनं ते प्रोग्रामरसारखं बघितलं. कुणीतरी कुलूप धरून बसलंय आणि काम करत नाही. अशा वेळी वेळेची मर्यादा घालतात. त्यानं इथूनच प्रोग्राम बदलला. पाळी मिळून ठरलेल्या वेळात मोटर चालू केली नाही, तर पाळी आपोआप दुसऱ्याकडं. बदललं म्हणून दोघांना निरोपही पाठवला. तो कुणी नीट वाचला असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर जे झालं ते मला दोन्हीकडून ऐकायला मिळालं. लाईट आली, सुदामनं पाळी घेतली, आणि तो विहिरीजवळच्या लिंबाखाली जाऊन बसला. दादानं 'घे' म्हणावं म्हणून. फोननं हो म्हटलं म्हणून मोठ्या भावाला डावलून पाणी घ्यायचं, हे त्याच्या जिवाला पटत नव्हतं. आधीचे सगळे दिवसही तो असाच बसून राहिला होता. तिकडं दादाच्या मनात वेगळंच. पूर्वी सुदाम विचारायला यायचा, आता येत नाही. फोन मिळाला आणि मोठ्या भावाची गरज संपली. इतक्यात दादाच्या फोनवर निरोप आला, 'पाळी तुमची'. दादाला वाटलं, सुदामला आता आपल्या विहिरीचं पाणीसुद्धा नको झालंय. तो तरातरा गेला आणि त्यानं मोटर चालू केली. लिंबाखालून सुदाम उठला.

"माझ्या पाळीवर मोटर चालू करून राह्यला तू?"

"तुला पानी पायजे होतं तर तोंड शिवलं होतं का? यिऊन बसला तिथं मुक्यावानी."

पुढचं लिहिण्यासारखं नाही. वडिलांपर्यंत गेलं, बायकांपर्यंत गेलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. गंमत म्हणायची तर अशी, की प्रोग्राम मात्र चालू राहिला. आता तर त्याच्याशिवाय भागणारच नव्हतं. दोघं विहिरीवर समोरासमोर न येता, वेळच्या वेळी बटणं दाबून, अगदी बराबर पाणी घ्यायला लागले. विलासच्या कॉम्प्युटरवर एकसुद्धा चूक दिसत नव्हती.

विलास खाली येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसला तो दिवस मला दिसतो. मी शेंगा सोलत होते. तो म्हणाला, "अक्का, सुदाम थांबला होता ना, ते मला वाटलं त्याला पानी नकोय. थांबला म्हंजे नको म्हणला असं न्हाई ना होत." मी म्हटलं, असू दे, तुझा हेतू चांगला होता. तर चिडला. "हेतू कोण विचारतंय? कुणी थांबलाय तर का थांबलाय, हे विचारायच्या आधी मी त्याची वेळ संपवली." त्या विषयावर त्यानं अड्ड्यावर टीप लिहिली, तीही मला वाचून दाखवली. खाली कोडचा तुकडा नव्हता. एकानं तिथं विचारलंही, की सॅम्पल कोड कुठाय?

मग त्यानं समेटाची खटपट सुरू केली, आणि तिच्यात मला जुंपलं. त्याच्या शास्त्राप्रमाणे जे दोन थ्रेड एकत्र आले की नासधूस करतात त्यांना समोरासमोर आणायचं नाही; मधे एक रांग ठेवायची. एकानं निरोप रांगेत टाकायचा, दुसऱ्यानं तो सवडीनं उचलायचा. "अक्का, तू रांग," तो म्हणाला. मी म्हटलं, रेशनची? पण झाले. मी दादाला सांगितलं, की सुदाम तुझ्या 'घे'साठी थांबला होता. दादा म्हणाला, "मंग विचारायला काय झालं होतं?" ते मी सुदामला सांगितलं. सुदाम म्हणाला, "त्यानं घे म्हनायला काय झालं होतं?" ते मी दादाला सांगितलं. असं वर्षभर. मधल्यामधे मी थोडी कापाकापी करायचे, शिव्या गाळायचे, 'म्हातारा' असेल तिथं 'दादा' घालायचे. तेही विलासनं पकडलं. "रांगेनं निरोप बदलायचा नसतो," म्हणाला. मी म्हटलं, "मग रांगेला माहेर पण नसतं म्हणाव!"

त्यातच त्याच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड. तो म्हणायचा वजन वाढलंय, मी म्हणायचे चांगलं आहे, अंग भरलं. माझ्या हुशारीची ही तऱ्हा. औरंगाबादला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. माझे गुडघे आणि यांचं ऑफिस, त्यामुळे बरोबर कोण जाणार हा प्रश्न. मी दादाला सांगितलं, तर म्हणाला मी येतो. सुदामला सांगितलं, तर म्हणाला मी येतो. दोघंही येतो म्हणत होते, पण एकत्र नाही. तेव्हा विलासनं अंथरुणावर बसल्या बसल्या तोच विहिरीचा प्रोग्राम घेतला आणि विहिरीच्या जागी स्वतःला घातलं. पुढची तारीख पडली की दोघांपैकी एकाच्या फोनवर निरोप जायचा, 'पाळी तुमची'. ज्याची पाळी तो धावड्याहून पहिल्या बसनं यायचा. ऊन असो, पेरणी असो, घरात पाहुणे असोत, दोघांपैकी कुणी एकदाही चुकला नाही. सुदाम आला की राजूरचा प्रसाद घेऊन यायचा. दादा काहीच आणायचा नाही, पण जीपमध्ये विलासचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायचा. मी दारातून दोघांना बघायचे, वेगवेगळ्या दिवशी, आणि वाटायचं, हे दोघं एकमेकांना असं बघतील तर...

हेच विलासच्याही मनात असावं. एका सकाळी दार वाजलं, उघडते तर दोघंही उभे. एकाच बसनं आलेले. दादा ड्रायव्हरच्या मागं, सुदाम शेवटच्या बाकावर. दोघांनी आपापला फोन माझ्यापुढं धरला. दोन्हीवर तेच, 'पाळी तुमची'. दोघांच्या पाळीत मुंगी शिरू नये म्हणून महिनाभर आम्हाला बटणं दाबायला लावणारा माणूस आतून सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "काहीतरी बग असल." मी त्याच्या पायात मोजे घालताना हळूच विचारलं, मुद्दाम केलंस ना? तो म्हणाला, "कुलूप काढलं. बघू काय होतं."

तिघं जीपमधून गेले. दादा पुढं, सुदाम मागं, विलास सुदामच्या खांद्याला टेकलेला. मी दिवसभर देवापुढून हलले नाही. देवावर माझा विश्वास तसा बेताचाच आहे, पण त्या दिवशी दोघांच्या मधे रांग म्हणून मी नव्हते. संध्याकाळी ते परत आले. दोघं भाऊ चहासुद्धा न घेता स्टँडवर गेले, एक या फुटपाथनं, एक त्या. विलास कॉटवर पडला आणि हसायला लागला. मला वाटलं जमलं. तो म्हणाला, "अक्का, तिथं नियम हाय, पेशंटजवळ एकानंच थांबायचं. मला लक्षातच न्हाई राहिलं." दार एकालाच उघडं. दादा वाट बघत राहिला, की सुदाम 'मी जातो' म्हणेल. सुदाम वाट बघत राहिला, की दादा 'तू जा' म्हणेल. दोघं बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले. सुया टोचल्यापासून काढेपर्यंत विलासजवळ कुणीच नव्हतं. मधे त्याला थंडी वाजून आली, तेव्हा शेजारच्या पेशंटच्या बायकोनं आपली शाल त्याच्या अंगावर घातली. "पोळपाट-लाटणं," असं म्हणून तो पुन्हा हसला, आणि मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी पाठीवर हात ठेवला तर पाठ हलत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रोग्राममध्ये कुलूप परत लावलं. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. त्यानंतर तो फार दिवस राहिलाही नाही.

तेराव्याला दोघं भाऊ एका पंगतीच्या दोन टोकांना बसले. निरोप मीच पोचवले. भात किती टाकायचा, ब्राह्मणाला कोण सोडायला जाणार. सगळे गेल्यावर मी माडीवर गेले. कॉम्प्युटर चालूच होता, पडद्यावर विहिरीची पाळी. दादाची होती, मग सोडली, मग सुदामची. विलास गेला तरी विहीर त्याच्याच हातून पाणी देत होती. मला ते इतकं बरं वाटलं, की मी तोच उद्योग घेऊन बसले. लाईट गेली की खालचं काम टाकून वर जायचं, परत आली की बटण दाबायचं. ते बटण त्यानंच मला शेवटी शेवटी दाखवलं होतं. 'टूं' असा आवाज आला, पंखा घरघरला, की वाटायचं विलास उठला. गुडघे जिन्यात बोंबलायचे. हे म्हणायचे, "अगं, किती दिवस?" मी म्हणायचे, चालतंय तोवर चालू दे.

परवा अशीच लाईट आली आणि मी जिना चढत होते, तेवढ्यात दादाचा फोन. "कुसुम, मशीन बंद पडलं का? पाळी कुनाची हाय काई कळंना." मी म्हणणार होते, थांब, करते चालू. बटणापाशी पोचलेही होते. तिथं उभी राहिले आणि डोक्यात आलं, की हे मी जोवर दाबत राहीन तोवर हे दोघं एकमेकांना काही विचारणार नाहीत. मी मेल्यावर माझी मुलगी दाबेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, मला माहीत नाही. सुदामला विचार."

पलीकडं चिमण्या ऐकू येत होत्या. मग "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्या दिवशी कुणाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटायचं, विहिरीवर काठ्या निघाल्या असतील, आणि विलासनं जे राखलं होतं ते मी एका वाक्यात घालवलं. तिसऱ्या दिवशी सुदामचा फोन आला. उचलला तर तो ओरडतच होता. "अक्का, दादा म्हनून राह्यला, स्टार्टर मी जाळला! त्येनं सोता ओढला भसकन, मी बघितलंय. सांग त्याला तू!" आणि मागून, अगदी जवळून, दादाचा आवाज, "काय सांगंल ती? इकडं दे तो फोन!"

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं आणि लाल बटण दाबलं. या वेळी बरोबर दाबलं. मग सवयीनं माडीवर गेले. लाईट होती. टेबलावर त्याचा चष्मा, की-बोर्डवर धूळ, खुर्ची तो उठून गेल्यासारखी तिरकी. घरघर मात्र नव्हती. इतकी वर्षं ती खोली कधी इतकी शांत मी ऐकली नव्हती. कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून पाहिला, तर गार लागला. मी खुर्ची सरळ केली, आणि थोड्या वेळानं पुन्हा होती तशी तिरकी करून ठेवली.